कोपऱ्यातले टाके

दत्तात्रय मिठबावकर मालवणच्या बाजूच्या एका गावातून सिल्वासाला आले ते वीज खात्यात वायरमन म्हणून, आणि लाईन इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. वादळवाऱ्यात रांधा गावाकडचे दिवे गेले, वासोण्याच्या वाटेवरचा ट्रान्सफॉर्मर बसला, की साहेब म्हणायचे, "दत्तूभाईंना पाठवा." दत्तूभाई जायचे आणि दिवे येईपर्यंत घरी परतायचे नाहीत.

बिघाड शोधायची त्यांची पद्धत ठरलेली होती. नवी पोरं ज्या घरात अंधार असेल तिथे जाऊन मीटर उघडून बसायची. दत्तात्रय उलट बाजूने यायचे. जिथवर वीज आहे तिथून सुरुवात करायची आणि एकेक खांब तपासत अंधाराकडे सरकायचं. "उजेडाचा शेवटचा खांब सापडला की बिघाड त्याच्या पुढच्या गाळ्यात, दोन खांबांच्या मधेच असतो, जाणार कुठे?" ते म्हणायचे. एकदा सबंध गाव दोन दिवस अंधारात होतं आणि कुणाला काही सापडत नव्हतं. दत्तात्रयनी एका खांबावर कावळ्याचं घरटं शोधून काढलं. कावळ्याने काड्यांऐवजी कारखान्याबाहेर पडलेले तारेचे तुकडे गोळा केले होते. घरटं उतरवताना आतली पिल्लं त्यांनी टोपीत घालून जवळच्या आंब्यावर ठेवली, हेही खात्यातले लोक सांगत.

त्यांचा दुसरा नेम असा, की स्वतः दिवा लावून बघितल्याशिवाय लाईन चालू झाली असं कुणालाही सांगायचं नाही. साहेबांनी कितीही घाई केली तरी नाही. "चालू म्हटलं नि चालू नसली तर चालतं, साहेब. बंद म्हटलं नि बंद नसली तर माणूस जातो. म्हणून दोन्ही वेळा बघूनच बोलायचं."

सिल्वासाजवळच डोकमर्डीत त्यांनी छोटं घर बांधलं. पत्नी मंगलाबाईंनी तिथे अंगणात कढीपत्ता लावला आणि ओटीवर गोधड्यांचा पसारा मांडला. आजूबाजूला कुणाच्या घरी मूल झालं की मंगलाबाईंकडून दुपटं जायचं. त्यासाठी त्या ज्याच्या त्याच्या घरच्या जुन्या साड्या मागून आणायच्या. गुजराती शेजारणीच्या बांधणीला खानदेशी बाईचं नऊवारी पातळ जोडलेलं असायचं आणि मधेच दत्तात्रयच्या खाकी शर्टाचा एखादा चौकोन. एका कडेपासून धावदोऱ्याच्या ओळी घालत जायचं, ते उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात येऊन संपायचं. तो कोपरा बंद करण्याआधी त्या आत चिमूटभर तांदूळ सोडायच्या. गोधडी उपाशी राहू नये, ही त्यांच्या आईची रीत. दत्तात्रय त्यांना चिडवायचे, "आमच्या डब्यात भात कमी का पडतो ते आत्ता कळलं."

मुलगी गौरी मुंबईला गेली आणि मालिकांच्या, चित्रपटांच्या कला विभागात कामाला लागली. घर कुणाचं दाखवायचं आहे ते पाहून त्यात भांडी, कपाटं, पडदे, चपला मांडायच्या, हे तिचं काम. एकदा तिने फोन केला.

"आई, नव्या मालिकेत एक म्हातारी आणि तिची नात, असं घर आहे. बाजारातली गोधडी नकोय. खरी हवी. तू आत्ता शिवलीस ना, ती दे."

ती नुकतीच शिवलेली गोधडी म्हणजे मंगलाबाईंची शेवटची. ती अर्धी झाली तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत काही तरी व्हायला लागलं होतं. सुई दिसायची, पण सुईचं टोक जिथे कापडात शिरतं नेमकं तिथे ओल्या बोटाने पुसल्यासारखं व्हायचं. वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. कडेचं दिसत राहील, मधलं कमी होत जाईल. इंजेक्शनं देऊ, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. मंगलाबाईंनी ती गोधडी मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघत पुरी केली. शेवटच्या कोपऱ्यातल्या ओळी बोटांच्या अंदाजाने घातल्या, तांदूळ सोडले आणि सुई डब्यात ठेवली ती ठेवलीच.

गौरी गोधडी घेऊन गेली. ती गेल्यावर मंगलाबाई म्हणाल्या, "तो कोपरा वाकडा झालाय हो. आता सगळं जग बघणार."

"जगाला टाके बघायला वेळ आहे?" दत्तात्रय म्हणाले.

"बायका बघतात."

एवढंच बोलणं झालं. पण ती गोष्ट मंगलाबाईंच्या मनात घर करून राहिली. जन्मभर लोकांच्या लेकरांना सरळ टाक्यांची दुपटी दिली, आणि जे सगळ्यांसमोर जाणार तेच नेमकं वाकडं. काम संपल्यावर सामान मुंबईबाहेर कुठल्याशा गोदामात गेलं. गोधडीही गेली, ती पुन्हा हाती लागणं कठीण, असं गौरीने सांगितलं. तेव्हापासून मंगलाबाई एकच म्हणत, "एकदा माझ्या डोळ्यांनी बघितलं असतं, केवढं वाकडं दिसतंय ते. मग सोडून दिलं असतं."

दत्तात्रयना त्या 'एकदा'मागचं उमगलं होतं. डोळे कुणासाठी थांबणार नव्हते.

घरातला संगणक तसा जुना, पण पडदा चांगला मोठा. त्याच्यावरची विंडोज कालबाह्य झाली आणि नवी त्याला पेलवत नव्हती, तेव्हा पुतण्या मंगेशने सुट्टीत येऊन त्यावर लिनक्स घालून दिलं होतं. "काका, फुकट आहे, व्हायरस नाही, आणि हा डबा अजून पाच वर्षं चालतो बघा." मंगेशने त्याहून मोठं एक काम केलं. काकूंसाठी त्याने काळ्या पडद्यावर पिवळी, मुठीएवढी अक्षरं बसवून दिली आणि माऊस नेईल तेवढा भाग फुगवून दाखवणारं भिंग लावून दिलं. मंगलाबाई खुर्ची तिरपी करून, गाल पडद्याला जवळजवळ टेकवून रोजचं वर्तमानपत्र वाचू लागल्या. भाचीच्या लग्नातले फोटो एकेक चेहरा फुगवून त्यांनी परत बघितले. घरात जिथे अजून त्यांना स्वच्छ दिसत होतं, अशी एकच जागा त्या टेबलापाशी होती.

म्हणून गौरीचा फोन आला, की इंटरनेटवर मालिका सुरू झाली, पैसे भरून तुमच्या नावाने खातं उघडलंय, गोधडी तिसऱ्या भागात आहे, तेव्हा दोघांनी ठरवलं ते सरळच होतं. संगणकावर लावायचं, गोधडी आली की थांबवायचं, कोपऱ्यावर भिंग न्यायचं. मंगलाबाईंनी त्या संध्याकाळी पोहे लवकर उरकले. दत्तात्रयनी खुर्ची त्यांना लागते तशी तिरपी करून ठेवली.

पडद्यावर मालिकेचं नाव आलं, चित्रं आली. तिसऱ्या भागावर क्लिक केलं, गोल फिरत राहिलं, आणि मग इंग्रजीत एक ओळ आली, की काही तरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा.

दत्तात्रयनी पुन्हा प्रयत्न केला. मग आणखी. मंगलाबाई गाल पडद्याशी नेऊन बसल्या होत्या.

"सुरू झालं का?"

"होतंय. लाईन जरा ढिली दिसते."

मोबाईलवर लावलं तर लगेच चाललं. पण मोबाईलमध्ये म्हातारी बोटाएवढी आणि गोधडी नखाएवढी. थांबवून चित्र फुगवायला गेलं तर थोडंसं मोठं व्हायचं आणि तिथेच अडायचं. त्या झगझगीत चौकोनात मंगलाबाईंना मधे फक्त धूर दिसला. गौरीने स्वतःच्या फोनवरून पडद्याचं चित्र, स्क्रीनशॉट, पकडून पाठवलं, ते काळंकुट्ट आलं. पकडू देत नाहीत, ती म्हणाली. मग एका फोनने दुसऱ्या फोनचा फोटो काढून पाठवला, त्यात गोधडीपेक्षा गौरीच्या खोलीतला दिवाच जास्त दिसत होता.

शेजारी सुकदेव राहायचा. तो खानदेशातल्या चोपड्याकडचा, इथे सुताच्या कंपनीत मशीनवर. त्याने भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता आणि मन त्याहून मोठं.

"काका, ते लिनक्स-बिनक्स छोडा ना. काकूंना घेऊन या आपल्याकडं. चंदा चहा ठेवते, आरामात बघा."

गेले. टीव्ही उंचावर होता. मंगलाबाईंना त्याच्या अगदी पुढ्यात, मान वळवून उभं राहावं लागलं, तेव्हा मागे बसलेल्यांचं सगळं झाकलं. सुकदेवची आई म्हणाली, "बस ना व माय, खाले बस." गोधडी आली आणि गेली. म्हातारी खोकते, कडी वाजते, नात म्हणते, "आजी, थंडी वाजते," आणि म्हातारी गोधडीचं टोक उचलते. तेवढंच. मंगलाबाईंनी विचारलं, परत लावता येईल का? सुकदेवने लावलं. परत खोकला, कडी, थंडी. त्यांनी आणखी एकदा विचारलं. सुकदेवने तेही हसत केलं, पण तोवर घरातली पोरं क्रिकेटसाठी चुळबुळायला लागली होती. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

"दिसली का, काकू?" सुकदेवच्या बायकोने, चंदाने विचारलं.

"रंग दिसले," मंगलाबाई म्हणाल्या. "छान आहे हो टीव्ही."

घरी येता येता दत्तात्रय म्हणाले, "मी बघितले टाके. सरळ आहेत."

"तुम्हाला माझं सगळंच सरळ दिसतं. गौरीही तेच म्हणते. तुमच्यावर भरवसा ठेवून काय करू?" आणि थोडं चालून झाल्यावर, "लोकांच्या घरी टीव्हीला नाक लावून किती उभं राहायचं माणसाने."

दत्तात्रयनी त्या दिवशी ठरवलं, की हे आपल्याच घरात, आपल्याच पडद्यावर दाखवायचं. बिघाड आहे, तर सापडेल.

त्यांनी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. उजेड कुठवर आहे? इंटरनेट येतं. कीर्तनं चालतात, मालवणी जेवणाचे व्हिडिओ चालतात, बातम्या चालतात. म्हणजे लाईन ठीक, तार ठीक. अंधार फक्त ह्या मालिकेच्या एकाच घरात. तरीही त्यांनी केबल बदलली, राऊटर हलवून टेबलाजवळ आणला. मग एकेक सेटिंग. एका वेळी एकच बदलायचं, बघायचं, नाही जमलं तर पूर्ववत करायचं. लिनक्सवाल्या लोकांच्या चर्चा त्यांनी वाचून काढल्या. तिथे जगभरची माणसं ह्याच अंधारात चाचपडताना दिसत होती. कुणी म्हणे अमुक ब्राउझर घाला, कुणी म्हणे तमुक फाईल बसवा, आणि खाली दुसरा कुणी लिहायचा, की हे पूर्वी चालायचं, आता चालत नाही.

गौरी म्हणाली, "बाबा, मी लॅपटॉप पाठवते ना. सोडा ते."

"एवढा चांगला संगणक आहे. आईची सगळी अक्षरं ह्यात आहेत. थोडे दिवस दे मला."

"तुम्ही हट्टाला पेटलाय."

"हट्ट नाही गं. सापडत आलंय."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. एका संध्याकाळी नवा ब्राउझर घातला आणि चित्र आलं. दत्तात्रय खुर्चीतून अर्धे उठले. "मंगल, ये. ये लवकर."

मंगलाबाई कणकेचा हात घेऊन आल्या. पण चित्र आलं होतं ते पाण्यात भिजलेल्या कागदासारखं. माणसांना चेहरे होते, डोळे नव्हते. गोधडी आल्यावर दत्तात्रयनी थांबवलं आणि भिंग कोपऱ्यावर नेलं. मोठे मोठे ठोकळे दिसले, तांबडा, निळा, मातकट.

मंगलाबाईंनी गाल पडद्याशी नेला. खूप वेळ बघितलं.

"ही गोधडी आहे?"

"हो."

"मला वाटलं शेत आहे." त्या हसल्या. "ह्यात टाके कुठे दिसणार हो? माझेही डोळे असे, आणि ह्याचेही असेच."

हात धुवायला त्या आत गेल्या. दत्तात्रय तिथेच बसून राहिले. चित्र येतं, पण मळकं. म्हणजे बिघाड पुढच्याच गाळ्यात. ते आणखी जोमाने लागले.

आणि दिवस जात होते. ते टेबलाशी बसलेले असताना घरात काय चाललं आहे ते त्यांना दिसत होतं, दिसत नव्हतं असं नाही. मंगलाबाई आता चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायच्या. हिंगाची डबी नाकाला लावून मगच उघडायच्या. वर्तमानपत्राची पिवळी अक्षरं त्यांनी आणखी मोठी करून मागितली, मग आणखी, मग एका ओळीत दोनच शब्द मावायला लागले. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हीच वाचून दाखवा. नाहीतर राहू दे, काय असतं रोज." वापीच्या फेऱ्या चालू होत्या. परत येताना बसमध्ये त्या डोळ्यावर पट्टी लावून खिडकीशी बसायच्या आणि दमणगंगेचा पूल आला की न बघता सांगायच्या, "नदी आली." पुलावर चाकांचा आवाज बदलतो.

एका दुपारी दत्तात्रयनी मंगेशला पुण्याला फोन लावला. काय काय केलं ते सगळं क्रमाने सांगितलं. मंगेशने मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "काका, मला आधी का नाही विचारलंत?"

"तू कामात असतोस. आणि बिघाड शोधायला काय, मी जन्मभर तेच केलं."

"बिघाड नाहीये, काका."

"म्हणजे?"

"तुमच्याकडे सगळं नीट चाललंय. ते लोकच देत नाहीत. त्यांच्या चित्राला कुलूप असतं. ज्या मशीनवर त्यांचा पूर्ण विश्वास असतो त्यालाच ते स्वच्छ चित्र सोडतात. लिनक्स म्हटलं की एकतर बंद, नाहीतर असलं मळकं."

"का पण?"

"कॉपी करून पळवतील, म्हणून."

दत्तात्रयना ते कळायला वेळ लागला. "पैसे भरलेत गौरीने."

"भरलेत. तरीपण."

"म्हणजे चोर समजतात."

"तुम्हाला म्हणून नाही हो, काका. सगळ्यांनाच."

फोन ठेवल्यावर ते ओटीवर येऊन बसले. नोकरीत त्यांनीही तारेवर टाकलेले आकडे काढले होते, चोरीची कनेक्शनं कापली होती. पण त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहायचे, त्याला हाक मारायचे, घरात कोण आजारी आहे का विचारायचे आणि मगच खांबाला शिडी लावायचे. इथे कुणी दारात आलंच नव्हतं. कुणाला ठाऊक नव्हतं, की ह्या पडद्याशी एक बाई गाल टेकवून बसते आणि तिला चोरायचं काही नाही, फक्त स्वतःच्या हातचा एक कोपरा बघायचा आहे.

पण त्यांना लागलं ते हे नव्हतं. लागलं ते दुसरंच. कनेक्शन कापलेलं असताना आपण खांबाखांबाने बिघाड शोधत फिरलो. एखाद्या नव्या पोराने असं केलं असतं तर त्याला सबंध खात्यासमोर झापलं असतं. आधी विचारायचं, सप्लाय दिला आहे का? दिलाच नसेल तर शिडी खांद्यावरून उतरव आणि घरी जा. तेवढं एक विचारलं नाही, आणि त्यात मंगलाचे दिवस गेले. जे दिवस तिच्याकडे थोडेच होते.

त्यांनी गौरीला फोन केला. "लॅपटॉप घेऊन ये."

गौरीने काही टोमणा मारला नाही. "बाहेरगावी काम चालू आहे, बाबा. शनिवारी मी स्वतःच घेऊन येते."

शनिवारच्या आधी वापीची फेरी होती. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, दिवा दाखवला, बोटं दाखवली, मग खुर्ची मागे घेतली. म्हणाले, की उजव्याच्या मधलं आता जवळजवळ गेलं आहे आणि डावाही त्याच वाटेवर आहे. इंजेक्शन ह्या वेळी नको, त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही. मंगलाबाईंनी नुसती मान हलवली आणि विचारलं, "वास वगैरे जाणार नाही ना? स्वयंपाकाला लागतो." डॉक्टर हसले. दत्तात्रयना हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत संगणकाशी बसले. काही उपयोग नाही हे माहीत होतं, पण हात रिकामे ठेवून त्या घरात बसणं त्यांना जमेना. शनिवार दूर होता. मळकं तर मळकं, निदान तेवढं तरी आज लावून द्यावं, रंगांचे ठोकळे तरी. ब्राउझरने मधल्या काळात आपणहून नवं काही उतरवून घेतलं होतं. त्यांनी तिसरा भाग लावला, पुढे सरकवला.

ह्या वेळी चित्र काळं होतं. मळकंही नाही. आवाज मात्र स्वच्छ येत होता, इतका स्वच्छ, की म्हाताऱ्या बाईच्या छातीतली घरघर खोलीत ऐकू आली. दत्तात्रयनी माऊस हलवला, खिडकी लहान केली, मोठी केली. काळंच. हातात जे थोडं आलं होतं तेही गेलं. आता बंदच करावं म्हणून त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मंगलाबाई आल्या. आवाज ऐकून आल्या होत्या. एक हात भिंतीवर, मग टेबलाच्या कडेवर.

"लागलं?"

दत्तात्रयनी पुढे केलेला हात मागे घेतला.

मंगलाबाई आपल्या तिरप्या खुर्चीत बसल्या आणि सवयीने गाल पडद्याजवळ नेला. काळ्या काचेत त्यांचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि मागे दत्तात्रयचं.

खोकला आला. कडी वाजली. पोरीचा आवाज आला, आजी, थंडी वाजते. मग कापड सरकल्याचा आवाज.

"थांबवा," मंगलाबाई म्हणाल्या.

दत्तात्रयनी थांबवलं. मंगलाबाई मान थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे करत बघत राहिल्या. त्यांनी बोट उचललं आणि काचेच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यावर हळूच फिरवलं.

"दिसली," त्या म्हणाल्या. एरवी दोघं एकमेकांशीही पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, पण मनातलं आलं की त्यांची बोली गावाकडची व्हायची. "माका दिसली हो. टाके सरळ दिसतत."

दत्तात्रय काळ्या पडद्याकडे बघत होते. तिला आता काळं आणि चित्र ह्यातलाही फरक कळत नाही, की तिला सगळं कळतं आणि आपल्याला ह्या खुर्चीतून उठवायला ती असं म्हणते आहे, हे त्यांना समजेना. तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखता येत नव्हतं. विचारणं शक्य नव्हतं. दोन्हींपैकी कुठलंही उत्तर त्यांना पेलवलं नसतं.

"गौरीक सांगा, तो लॅपटॉप नको म्हणान," त्या म्हणाल्या. "झाला माझा बघून. तुमी आता पुरे करा. कित्याक एवढो जीव काढतास?"

नोकरीच्या सगळ्या वर्षांत दत्तात्रयनी स्वतः दिवा लावून बघितल्याशिवाय कधी कुणाला हो म्हटलं नव्हतं. कुणाच्या दडपणाला नाही, कुणाच्या घाईला नाही.

"होय," ते म्हणाले. "सरळ आसत. मी तुका आधीच सांगलेलंय."

"तुमी सांगलेलात. पण तुमचो भरवसो काय?" आणि त्या हसल्या.

मग त्या उठल्या. टेबलाची कड, भिंत, दाराची चौकट, असं करत आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज आला, पाण्याचा आला. दत्तात्रयनी संगणक बंद केला. बाहेर सुकदेवच्या घरी क्रिकेट चालू होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की सांज झाली आहे आणि स्वयंपाकघरात दिवा लागलेला नाही. मंगलाबाई अंधारात भाजी निवडत होत्या.

ते उठले, आत गेले आणि बटण दाबलं.

"कशाला लावलात?" मंगलाबाई म्हणाल्या. हातातली मेथीची काडी त्यांनी बोटांनी चाचपून मोडली. "मला लागत नाही."

"मला लागतो," दत्तात्रय म्हणाले, आणि समोर पाट ओढून जुडीतली अर्धी मेथी आपल्याकडे घेतली.